देगलूरच्या शाफ्टचा टेपर

नांदेडातल्या वर्कशॉपवर पाटी धम्मप्रियाच्याच नावाची होती, तरी येणारा माणूस आधी उस्तादच शोधायचा. देगलूरचे डाळमिलवाले ईश्वरप्पाही तसेच आले. जीपमधून पुली आणि दोन शाफ्ट उतरवून त्यांनी विचारलं, "उस्ताद कुठं हायत, बाई?"

"मीच हाय. काय झालंय ते बोला."

जुना शाफ्ट निमुळत्या टोकाशी, म्हणजे टेपरवर, झिजला होता. दुसऱ्या गावी नवा करून घेतला, तर त्यावर पुली डुलत होती. मिल आठ दिवस बंद होती.

धम्मप्रियानं नवा शाफ्ट मापला आणि ती मनाशीच हसली. कुणीतरी लेथवरची, कापायचं टूल धरणारी स्लाइड पूर्ण कोनात फिरवली होती. ती निम्म्याच कोनात फिरवायची असते. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, स्वतः फिरत असल्यानं दोन्ही बाजू सारख्याच कापल्या जातात. आयटीआयमध्ये हीच चूक तिनं केली होती, तेव्हा सरांनी तो तुकडा वर्षभर तिच्या टेबलावर ठेवायला लावला होता.

तिनं ओढणी खुंटीला टांगली, केस टोपीत कोंबले, चष्मा लावला. हातमोजे ती लेथवर कधीच घालत नसे; फिरत्या जॉबनं हातमोजा धरला की हात सुटत नाही. जुन्या शाफ्टच्या मापाची नवी लोखंडी सळई चकच्या जबड्यात आवळली, स्लाइड निम्म्या कोनात फिरवली, टूलचं टोक बरोबर जॉबच्या मध्यावर आणलं, चकची चावी काढून ठेवली, मगच बटण दाबलं.

लोखंडाचा लांब छिलका लोंबू लागला. ईश्वरप्पांनी तो ओढायला हात पुढं केला, तशी तिनं मशीनच थांबवली.

"काका, तिकडं खुर्चीवर बसा. शाफ्ट नवा करता येतो, बोट न्हाई."

ते खुर्चीवर जाऊन बसले, मगच तिनं मशीन पुन्हा सुरू केली.

थोडा माल शिल्लक ठेवून तिनं टोकाला निळा रंग चोळला, पुली चढवून काढली. रंग फक्त जाड बाजूला पुसला गेला होता. म्हणजे कोन केसभर जास्त. तिनं तो कमी केला. पुन्हा रंग, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र रंग टोकापासून टोकापर्यंत सारखा पुसला गेला.

पुली हातानं चढवली, ती घट्ट बसली. ईश्वरप्पांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. हलली नाही.

"उस्ताद, मिलमधलं सगळं काम आता इथंच आणतो," ते म्हणाले.

शाफ्ट जीपमध्ये चढवण्याआधी धम्मप्रियानं अक्षराचा पंच आणि हातोडी घेतली, आणि त्याच्या कडेवर आपल्या नावाचं पहिलं अक्षर खोल ठोकलं.