गाल एकाला, हात दुसरीला

मी मगनच्या कपाळाला गाल लावला. मग छबीवर वाकले आणि तिच्या कपाळाला हात लावला. उठून म्हणाले, “मगनले जास्ती शे.”

एवढंच. घरात तीन माणसं उभी होती, कोणाला काही खटकलं नाही. तुम्हालाही खटकलं नसेल. मी हे नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला नाही, देवासमोरही मोठ्याने बोलले नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झालेली, लिहायची सवय नाही. पण मेल्यावर कोण लिहिणार?

मगन माझा मुलगा, चार वर्षांचा. छबी माझ्या मोठ्या जावेची मुलगी, त्याच्याहून सहा महिन्यांनी मोठी. जावेला मी जिजी म्हणायचे. आमचं गाव नंदुरबारकडे, कोरीटच्या बाजूला. साल साठ असेल नाहीतर एकसष्ट, हिवाळा होता, मिरचीचा हंगाम.

आता मिरचीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गावाबाहेर पथारी होती — मिरच्या वाळत घालायचं मैदान. तिथे आम्ही बाया सकाळपासून मिरच्यांचे देठ खुडायचो. दुपारपर्यंत हातांची आग व्हायची. राख लावा, ताक लावा, तेल चोळा — दुसऱ्या दिवसापर्यंत ती आग जात नाही. गार तांब्या धरला तरी कोमट वाटतो. म्हणून मिरचीच्या दिवसांत आमच्याकडे कोणी पोराचा ताप हाताने बघत नाही. गाल लावून बघतात. हाताला काही कळतही नाही, आणि पोराला झोंबतं ते वेगळंच. हे कोणी शिकवत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं.

मला तर जास्तच ठाऊक होतं. माझ्या अंगात एक गुण होता — फरक कळायचा. दोन मिरच्यांतली कोणती किंचित ओली आहे ते बोटांनी कळायचं. डोळे बांधून मुठीत मिरच्या द्या, त्यात एक वाढवा, मी सांगायचे. पथारीवर बाया हा खेळच करायच्या. सासू मिरवायची, “आम्नी मथुराना हात म्हनजे सोनारना काटा.” शेजारची एक बाई फार तोंडाळ. ती म्हणायची, “मंग तिले सोनारना घर देवानी व्हती ना, मिरच्या कसाले खुडी ऱ्हायनी?” सगळ्या हसायच्या. मीही.

पण भरल्या टोपलीत दहा मिरच्या टाकल्या तरी मला कळायचं नाही. कोणालाच कळत नाही. मुठीत एकीचा फरक कळतो, टोपलीत मूठभर लागतात. ओझं मोठं झालं की लहान फरक त्यात बुडतो. हे मी तेव्हाच ओळखलं होतं, पथारीवर सगळ्यांना सांगायचेही. आणि याच गोष्टीच्या आड मी पुढे कितीतरी वर्षं लपले.

पोरं दोन्ही एकदमच तापली. दोन दिवस जिजी त्यांच्याजवळ बसून होती. मी पथारीवर जात होते, कारण दोघींपैकी एकीने जायलाच हवं होतं. माझ्या मगनला पाणी पाजणारी तीच, त्याची ओकारी पुसणारी तीच. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटा दीर पंडित मला बोलवायला आला. पोरं डोळे उघडत नाहीत म्हणाला. मी तशीच उठून आले. हात धुतले, पण त्याने काय होतं?

माझा नवरा आणि जेठ, म्हणजे जिजीचा नवरा, बैलगाडी घेऊन शहाद्याकडे लग्नाला गेले होते, ते संध्याकाळी येणार होते. हंगामात रिकामी गाडी मिळायची नाही. पंडित दोन घरी विचारून परत आला होता. घरात त्याची सायकल होती. नंदुरबारला डॉक्टर. रस्ता कच्चा. तापाने मान टाकलेलं पोर पाठीशी बांधून न्यायचं, तर एकच नेता येतं.

“एकलेच लई जाता यी,” पंडित म्हणाला. “दुसराले गाडी उनी का लई जाऊत. कोन्हले जास्ती ताप शे ते सांगा लवकर.”

सासूने माझ्याकडे बघितलं. जिजीचे गाल रडून ओले झाले होते. तिने ते पदराने पुसले, छबीवर वाकली आणि पुन्हा सरळ झाली.

“मन्हं काळीज ठिकाने नही, मथुरा,” ती म्हणाली. “तूच देख. तू सांगशी ते खरं.”

तिने आपल्या मुलीचा जीव माझ्या हातात दिला — कारण माझ्या हाताचं नाव होतं. मीही एक आई होते, हे तिच्या ध्यानात आलं नसेल का? आलं असेल. तरी दिला.

मी मगनला गाल लावला. तापला होता. खूप तापला होता. मग छबीकडे वळले, आणि वळता वळताच माझ्या मनात आलं — हिला जास्त निघाला तर?

म्हणून गाल लावला नाही. हात लावला. जो हात त्या दुपारी आगीत आणि पाण्यात फरक करू शकला नसता, तो लावला. छबी कण्हली, मिरची झोंबली तिला. मला काही कळलं नाही. कळू नये म्हणूनच तर हात लावला होता.

चूक वेगळी आणि हे वेगळं. दोघांना गाल लावून मी खोटं बोलले असते तर ते निदान सरळ खोटं झालं असतं. मी खरं काय ते बघितलंच नाही, आणि बघितल्यासारखं सांगितलं.

“मंग मगनलेच लई जाय, पंडित,” जिजी म्हणाली. “उशीर नको करू.” तिने छबीच्या अंगावरची गोधडी काढली आणि मगनला गुंडाळली. पंडितच्या पाठीशी त्याला तिनेच बांधलं.

सायकल गेली. सासू देवापुढे बसली, जिजी चूल पेटवायला उठली. मी छबीजवळ एकटी राहिले आणि तेव्हा तिला गाल लावला. फरक बारीक असता तर म्हणाले असते, माणूस चुकतं. फरक बारीक नव्हता. तो ओळखायला अंगात काही गुण लागत नव्हता. कोणत्याही बाईच्या गालाला कळला असता.

मी धावू शकले असते. गावाच्या वेशीपर्यंत तरी. ओरडले असते तर पंडितला ऐकू गेलं असतं. मी छबीवर लुगडं घातलं आणि बसून राहिले.

गाडी दिवेलागणीला आली. बैल सोडायच्या आत छबी गेली होती.

मगनला सुई टोचून दुसऱ्या दिवशी घरी आणलं. पंडितने सांगितलं, डॉक्टर म्हणाला, याला उद्या आणला असता तरी चाललं असतं. जिजी ते ऐकत होती. तिने चुलीत लाकूड सारलं.

लोकांनी मला दोष दिला नाही. मुलगा होता, त्याला आधी नेलं, यात कोणाला काय विचारायचं होतं? त्यांच्या लेखी मी न सांगताही तोच गेला असता. मला तोही आधार वाटायचा, हे कबूल करते.

वर्षभराने पथारीवर जिजी आपणहून म्हणाली, “तू तरी काय करशी? दोन्हीसना तापमा फरक थोडासाच व्हई. टोपलीमा मिरची कोन्हले कळस?”

माझंच बोलणं तिने मला दिलं. तेव्हा सांगायला हवं होतं. मी मान हलवली आणि देठ खुडत राहिले. पुढे तिला मूल झालं नाही. वीसेक वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो. ती गेली तेव्हा तिचे पाय मी धुतले, तेव्हाही तोंड उघडलं नाही.

छबी साडेचार वर्षांची होती. मगन जगला.