भावजयीच्या डाव्या हातातली सुई

त्या हिवाळ्यात ऐनाबेकच्या घरावरून जाताना फाटकाच्या फटीतून मला त्याच्या खोलीचं छत दिसायचं, आणि छतावर पांढऱ्या उजेडाचा एक चौकोन थरथरताना दिसायचा. फाटकाला आतून कडी असायची. मला सहसा लोकांचा संशय येत नाही, स्वतःचाच येतो. पण तो चौकोन पाहिला आणि ऐनाबेकबद्दल मनात पाल चुकचुकली.

आम्ही दोघं उझ्गेनच्या चित्रशाळेत शिकवायचो. मी अक्षरं आणि नक्षी, तो माणसाचं डोकं. तो जुन्या काळात ताश्कंदला शिकून आलेला. प्लास्टरचा कान, प्लास्टरचा डोळा, मग कवटी, मग जिवंत म्हातारा, या क्रमातून त्याच्या वर्गातल्या कुणाचीच सुटका नव्हती. अंगाने वाळका, उजव्या गालावर मसुराएवढा तीळ. मुलं त्याचं व्यंगचित्र काढायची तेव्हा आधी तीळ काढायची आणि मग त्याच्याभोवती सर.

रशियाचं जुनं संघराज्य मोडलं तेव्हा चित्रं घेणारं कुणी राहिलं नाही. मग ऐनाबेकने बरीच वर्षं थडग्यांच्या काळ्या दगडांवर चेहरे कोरले. घरचे लोक ओळखपत्रावरचा फोटो आणून द्यायचे, तो त्यावरून नाक-डोळे उतरवायचा. त्यामुळे त्याला फोटोचा तिटकारा आला होता. वर्गात सांगायचा, "फोटोवरून मेलेल्यांची चित्रं काढतात. जिवंत माणूस समोर बसवा, तो हलू दे, त्याला शिंक येऊ दे."

तालाय नावाच्या त्याच्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याला त्याने याच कारणावरून वर्गातून काढलं होतं. तालायने प्रोजेक्टरने भिंतीवर फोटो पाडून एका मेंढपाळाचं चित्र गिरवलं होतं. प्रोजेक्टरमध्ये फोटोची काच उलटी बसली आणि मेंढपाळाच्या कोटाची बटणं बायकांच्या बाजूला गेली. ऐनाबेकने सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं, "हा म्हातारा बायकोचा कोट घालून आलाय का रे?" आणि वर म्हणाला होता, "मी कधी असं केलं, तर त्या दिवशी कुंचला खाली ठेवीन. तुम्हीच येऊन हातातून काढून घ्या."

हे वाक्य गावात सगळ्यांना पाठ होतं.

तालाय पुढे राजधानीत, बिश्केकला, मोठा झाला. त्याची माणसं इतकी खरी असतात की चष्म्याच्या काचेवरचे बोटांचे ठसेसुद्धा दिसतात. राजधानीतल्या प्रदर्शनासाठी आमच्या भागातली चित्रं निवडायला समिती आली, तिच्यात तालाय होता. बरोबर ओशच्या संग्रहालयातल्या बातमाताई, आणि तिसरे आमचे मुख्याध्यापक. मुख्याध्यापकांना डोक्याचा वर्ग बंद करून तिथे संगणक ठेवायचे होते. ते फक्त निमित्त शोधत होते.

चित्रशाळेच्या दालनात सगळे जमलो तेव्हा ऐनाबेकने एकच चित्र आणून भिंतीवर लावलं. त्याची भावजय झूराकान नमदा, म्हणजे लोकरीचं जाजम, शिवते आहे. मान थोडी वर, नजर थेट बघणाऱ्याकडे, मांडीवर लाल-काळा नमदा, हातात सुई. मी फार चित्रं पाहिली आहेत असं नाही, पण त्या चेहऱ्यापुढे मला आवाज खाली करावासा वाटला. त्याच वेळी तो छतावरचा चौकोनही आठवला.

तालाय चित्राच्या फार जवळ गेला. कॅनव्हासची कड नखाने खरवडून पाहिली, खाली पेन्सिलीची रेघ सापडते का ते. मग मागे सरला.

"सर, तुमची भावजय डावखुरी आहे?"

"नाही."

"मग सुई डाव्या हातात कशी?"

कुणीतरी फिसकन हसलं. बटणांची गोष्ट तिथल्या बहुतेकांना माहीत होती.

"दिसलं तसं काढलं," ऐनाबेक म्हणाला.

"कशात दिसलं?" तालायने विचारलं. "तुम्हीच शिकवलंत मला. उजव्याचं डावं झालं की समजावं, काच उलटी बसली."

"फोटो नाही. समोर बसवून काढलंय."

मुख्याध्यापकांनी भुवया उंचावल्या. "समोर? धाकट्या भावाच्या बायकोला? भाऊ तिकडे रशियात विटा वाहतोय, आणि इथे थोरले दीर तिला तोंडासमोर बसवून बघतायत?"

आमच्याकडे भावजय थोरल्या दिरासमोर तोंड करून बसत नाही, त्याला पाठही दाखवत नाही. जरा तिरकी बसते, नजर खाली. आता समोर बसवली म्हणावं तर घराची अब्रू जात होती, आणि नाही म्हणावं तर फोटो ठरत होता. ऐनाबेकच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बोलावून घ्या तिला," बातमाताई म्हणाल्या. "दोन गल्ल्यांवर तर घर आहे."

झूराकान आली ती ओल्या हातांनीच, तांदूळ धुता धुता उठून. डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढलेला. दीर बसला होता त्या खुर्चीला ती ना तोंड करून उभी राहिली ना पाठ. तिने चित्राकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे.

"ताई," तालाय गोड आवाजात म्हणाला, "सर हे चित्र काढत होते तेव्हा तुम्ही तिथे होतात?"

"होते की. सासूबाई दारात बसायच्या."

"आणि सर तुमच्याकडे बघून काढत होते?"

"इश्श! नाही हो! थोरल्यांनी माझ्याकडे एकदासुद्धा पाहिलं नाही. ते त्या चकचकीताकडेच बघायचे सारखे."

"कशाकडे?"

"ते हो, भिंतीला टेकवलेलं असतं. चकचकीत, चौकोनी. त्यात मी दिसायचे."

तालायने हात पसरले. "झालं. पडदा, प्रोजेक्टर, भिंत. अजून काय हवं?"

छतावरचा तो चौकोन प्रोजेक्टरचाच होता, असं मलाही वाटलं. ऐनाबेक उठला. त्याने चित्र खिळ्यावरून उतरवलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं, आणि वरच्या खिशात कायम असायचा तो बारीक कुंचला काढून तालायपुढे धरला.

"घे."

तालायने घेतला नाही. त्याचा हात अर्धा पुढे आला आणि तिथेच राहिला.

"थांबा हं," बातमाताई म्हणाल्या. त्या मघापासून झूराकानकडे बघत होत्या. "सूनबाई, सकाळी केस विंचरतेस ते कशात बघून?"

"चकचकीतात."

"आणि बाजारात विकत घ्यायला गेलीस तर दुकानदाराला काय म्हणतेस?"

झूराकानने रुमालाचं टोक तोंडावर धरलं. "मुलाला पाठवते. तो म्हणतो. मला नाही म्हणता येत."

"मुख्याध्यापक, सरांचं पहिलं नाव काय हो?"

"ऐनाबेक," मुख्याध्यापक म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"ऐना!" बातमाताई मांडीवर थाप मारून हसल्या. "पोरगी थोरल्या दिराचं नाव कशी घेईल? माझ्या सासऱ्यांच्या नावात तो धातू होता, विळे-कुऱ्हाडी करतात तो. त्यांना जाऊन किती वर्षं झाली, मी अजून त्याला 'जड काळं' म्हणते. घरी नवरा चेष्टा करतो."

सगळे हसले. आरशातून का होईना, भावजयीचं तोंड पाहिलं हे ऐनाबेक चारचौघांत कसं सांगणार होता? तालाय हसला नाही. तो बिश्केकमध्ये वाढलेल्या बायकोबरोबर राहतो, तिथे हे कुणी पाळत नाही.

"ठीक आहे, आरसा होता," तो म्हणाला. "पण हे घरी ठरवूनही येता येतं, ताई. सून घरच्यांसारखंच बोलणार. फोटो काढला, नंतर गोष्ट रचली. पुरावा काय?"

ऐनाबेक कुंचला तसाच धरून उभा होता. माणसाचं सगळं आयुष्य एका वाक्यावर टांगलेलं असतं तेव्हा तो बारीक दिसतो. तसा तो दिसत होता.

झूराकान हळू आवाजात, जमिनीला सांगावं तसं म्हणाली, "त्यात ते मला बघत होते तर मलाही ते दिसायचेच ना."

"काय दिसायचं?" तालायने विचारलं.

"थोरले. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना बुटांवरून ओळखते. उजवा बूट बाहेरून झिजतो. चेहरा मी त्या चकचकीतातच पहिल्यांदा पाहिला, धीर करून." तिला वाटलं आपण जास्त बोललो, पण थांबताही येईना. "काढताना जीभ बाहेर काढतात, लहान पोरासारखी. भुवया पांढऱ्या आहेत. आणि डाव्या गालावर तीळ आहे, मोठा."

दालनातल्या सगळ्यांच्या माना एकदम ऐनाबेककडे वळल्या.

तीळ उजव्या गालावर होता. जन्मापासून तिथेच होता. वर्गातल्या प्रत्येक मुलाने तो उजव्याच गालावर काढला होता, तालायनेही.

डावीकडे तो फक्त आरशात दिसला असता, आणि छतावरचा माझा चौकोन त्याच आरशाचा कवडसा होता. तालाय पुढे आला. आधी ऐनाबेकच्या गालाकडे आणि मग झूराकानच्या खाली गेलेल्या डोळ्यांकडे त्याने पाहिलं. ठरवून आलेली बाई तीळ चुकीच्या गालावर सांगणार नाही. त्याने तो बारीक कुंचला घेतला, उलटा केला, आणि ऐनाबेकच्या खिशात परत ठेवला. खिशाची कडही सारखी केली.

"सर," तो म्हणाला, "सुई उजव्या हातात करून द्याल? राजधानीत प्रत्येक जण विचारेल."

"दिसलं तसं काढलंय," ऐनाबेक म्हणाला.

बातमाताईंनी चित्र उचलून पुन्हा खिळ्यावर लावलं. मुख्याध्यापकांनी घसा खाकरला आणि चहाचं काय झालं म्हणून बाहेर गेले. त्यानंतर संगणकांचा विषय निघाला नाही, निदान त्या वर्षी तरी.

झूराकान जायला निघाली. पण सगळे असे का बघतायत ते तिला कळलं नव्हतं. दाराशी थांबून तिने बातमाताईंना विचारलं, "मी काही चुकीचं बोलले का?"

"बोललीस," बातमाताई म्हणाल्या. "बघ की तूच."

तिने रुमालाच्या आडून, पापणी हलेल इतकाच वेळ, दिराकडे सरळ पाहिलं.

"अगंबाई, इकडे आहे होय!" ती म्हणाली आणि पळाली.

ऐनाबेकने गालावर हात ठेवला. मग तोही हसला. त्याला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे.