कुंकवावर आळ

यंत्राच्या बाबतीत बाबांचं म्हणणं कुणी धुडकावलंय असं आमच्या बिल्डिंगीत कधी झालं नव्हतं. ते मी करून दाखवलं, आणि तेही एका लॅपटॉपपायी. त्याची लाज अजून वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

बाबांनी भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर उभी हयात घालवली. कारखाना बंद झाला, त्या जागी टॉवर आला, पण मशीनकडे बघायची त्यांची रीत काही गेली नाही. बिघडलेल्या वस्तूला ते आधी हातच लावत नाहीत, नुसते समोर बसून बघतात. "का बिघाडला ता मागसून. कधी बिघाडता ता आधी बघ," हे त्यांचं ठाम मालवणी मत. मुलुंडला आमच्या मजल्यावर कुणाची इस्त्री असो, शिलाई मशीन असो, अडलं की पहिली बेल आमच्याकडे वाजायची. आई गेल्यावर तर त्यांचे दिवस त्याच्यावरच निघत होते.

दसऱ्याला त्यांनी नेहमीसारखी पूजा मांडली. नटबोल्टचे पाने, पेचकस, मिक्सर आणि या वर्षी पहिल्यांदाच माझा लॅपटॉप, कारण आता घर त्याच्यावर चालत होतं. झाकणावर गंध लावून भागलं असतं. पण कारखान्याचा नियम असा की पूजा चालत्या भागाची करायची, वरच्या पत्र्याची नाही. त्यामुळे त्यांनी झाकण उघडलं, कीबोर्डच्या कडेला हळदकुंकवाची बोटं लावली आणि वर अक्षता वाहिल्या. मी हसून फोटोही काढला.

आठवड्याभरात लॅपटॉप हँग व्हायला लागला. मी व्हिडिओंसाठी मराठी सबटायटल्स लिहिते आणि तेव्हा नव्या नोकरीत तीन महिन्यांच्या बोलीवर होते. वाक्य अर्धं झालं की स्क्रीन थिजायचा. बटण दाबून धरून बंद करायचं, परत चालू करायचं, गेलेलं परत लिहायचं. मी नको नको ते सॉफ्टवेअर काढलं, अँटिव्हायरस घातला, खाली पंखे ठेवले, शेवटी सगळं पुसून नव्याने भरलं. एक दिवस बरा जायचा आणि मला वाटायचं, जिंकले. मग पुन्हा तेच.

एका सकाळी ऑफिसच्या मॅडमबरोबर लॅपटॉपवर मीटिंग चालू असताना तो असा अडकला की अर्धं तोंड उघडलेली मी तिकडे सगळ्यांना पाच मिनिटं दिसत राहिले. परत जोडले गेले तेव्हा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे लवकर सोडवा, नाहीतर पुढच्या महिन्याचा विचार करावा लागेल." शेजारी बाबा गवार मोडत बसले होते. माझं डोकंच फिरलं.

"तुमच्या कुंकवाने वाट लावली माझ्या लॅपटॉपची! आता या घरात कशालाही हात लावू नका."

हातातली गवार त्यांनी परातीत ठेवली. मग हळूच म्हणाले, "डावो हात टेकलंस की अडाकता गो. चार दिवस बघतंय मी."

"बाबा, हा लेथ नाहीये!"

त्यांनी गवारीची परात उचलली आणि आत गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं, कुणाच्या तरी माथी मारता आलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने लॅपटॉप चालू केला, इकडे तिकडे दाबून पाहिलं आणि डाव्या कोपऱ्यावर, मी टाइप करताना मनगट टेकवते तिथे, अंगठा ठेवला. स्क्रीन थिजला. त्याने खालचं झाकण उघडलं. मेमरीची पट्टी जिथे बसते त्या खाचेला तडा गेला होता. वरून दाब आला की पट्टी हलायची आणि सगळं ठप्प.

"पडला होता का कधी?"

"नाही," मी लगेच म्हटलं.

त्याने बाहेरच्या चेपलेल्या कोपऱ्यावर नुसतं बोट ठेवलं. मग मला कबूल करावं लागलं. गणपतीत जिन्यावर बॅग खांद्यावरून निसटली होती. घरी आल्यावर लॅपटॉप चालू झाला, म्हणून मी कुणाला बोलले नव्हते.

"पण कुंकू?" मी तरी विचारलंच. आत कुंकू निघावं अशी माझी फार इच्छा होती.

त्याने चिमट्याने कीबोर्डच्या फटीतून दोन तांदूळ बाहेर काढले. "दसऱ्यानंतर निम्मं घाटकोपर अक्षता घेऊन येतं, ताई. हे वरचं आहे. आत कुंकू कणभर नाही."

दोन दिवसांत खाच बदलून मिळाली. नोकरी टिकली.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. जिन्याचंही सांगितलं. माझं चुकलं, असं स्पष्ट म्हटलं. त्यांना माफीत रस नव्हता. तडा कुठल्या बाजूला होता, केवढा होता, डाख देऊन तीच बसवली की नवीन टाकली, हे त्यांनी बारकाईने विचारून घेतलं. मी त्यांना कागदावर आकृती काढून दाखवली. मनात म्हटलं, चला, मिटलं.

संध्याकाळी मी खोबरं वाटत होते आणि मिक्सर घरघरून बंद पडला. एरवी मी हाक मारायच्या आत त्यांनी प्लग काढून भांडं उचललेलं असतं. आता ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले.

"हात लावू काय गो?"

"बाबा, विचारताय काय? लावा ना."

तरी ते पुढे आले नाहीत. आधी नळाखाली हात धुतले, पंच्याला पुसले आणि मला दाखवले. आधी तळवे, मग उलटे करून.