ओलावा कापून निव्वळ वजन

किस्से काही मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. एका खुर्चीवर बरीच वर्षं बसून राहायचं, बस्स. गोदामात कापूस साचतो तसे ते आपोआप येऊन साचतात. माझी खुर्ची घाटंजी तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात, औषधाच्या खिडकीमागे. खिडकीसमोरच वजनकाटा. म्हणजे पहिल्या रांगेतलं फुकट तिकीट!

माझ्या सांगण्यात मीठमसाला जास्त असतो, असं आमच्या मडावी सिस्टर म्हणतात. असेल. पण मीठ बीपीवाल्यांना कमी सांगितलंय, मला नाही!

*

मी नोकरीला लागलो तेव्हा या काट्यावर फक्त पोटुश्या बाया चढायच्या. पुरुष खिडकीशी येऊन म्हणायचे, "भाऊ, टॉनिक द्या न. अंगाले काही लागूनच नाही राह्यलं!"

आता तेच पुरुष येतात आणि म्हणतात, "भाऊ, असं काही द्या न, का खाल्लेलं अंगालेच नाही लागलं पाह्यजे!"

मधल्या काळात वावरात पायी जाणारा मोटरसायकलवर बसला आणि बसस्टँडवर एका टपरीच्या जागी नाश्त्याची ओळच लागली. म्हणून आमच्या डॉक्टरांनी मंगळवारी वजन, बीपी, शुगरची वेगळी ओपीडी काढली. डॉक्टर कोल्हापूरकडचे, तरुण, काडीसारखे. पहिल्या मंगळवारी एकही माणूस फिरकला नाही.

डॉक्टर हिरमुसले. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, इथं माणूस पडल्याबिगर दवाखान्यात येत नाही. जो आपल्या पायानं चालत येऊ शकते, तो बराच हाय न!"

*

पुढच्या मंगळवारी गुलाबभाऊ राठोड आले. शेजारच्या तांड्यावरचे. शेती आहेच, शिवाय गावोगाव फिरून कापूस विकत घ्यायचा धंदा. जांघेत हर्निया, म्हणजे आपला अंतरगळ. यवतमाळच्या भुलीच्या डॉक्टरांनी बजावलेलं, आधी वजन पंच्याण्णवच्या खाली आणा, मग ऑपरेशन.

गुलाबभाऊ काट्यावर चढले.

"एकशे आठ," सिस्टर म्हणाल्या.

"ओलावा कापा न, सिस्टर."

"काय?"

"ओलावा! आताच लोटाभर पाणी पिऊन आलो. कापसाचा आम्ही कापतोच न? मंग हे कपडे, म्हंजे बारदान. तेही कापा. निव्वळ माल किती, ते सांगा!"

डॉक्टर आतून उठून आले. "गुलाबभाऊ, ही गंमत नाही. आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. यवतमाळला पोचेपर्यंत उशीर झालेला असेल."

गुलाबभाऊंनी समजूतदारपणे मान हलवली.

"बरं. मंग हमाली तरी कापा!"

*

शमीम चाची म्हणजे आमच्या रशीदभाई मेकॅनिकची आई. गुडघे धरलेले. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. महिन्यानं चाची आल्या, तर वजन वाढलेलं.

"चाची, चालत नाही का तुम्ही?"

"चलती न बेटा. पुरा बाजार. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

"मग वजन कसं वाढलं?"

"अब भजेवाला आवाज देतो, जिलेबीवाला आवाज देतो. सगळे आमच्या समोर लहानाचे मोठे झाले. किसका दिल तोडू?"

*

एका गुरुजींना डॉक्टर म्हणाले, घरातलं तेल निम्मं करा. गुरुजी शिस्तीचे. दुसऱ्या महिन्यात छाती काढून सांगतात, "साहेब, आधी मोठा डबा आणत होतो. आता त्याच्या अर्ध्याचाच आणतो."

"वा! मग पुरतो?"

"न पुरायला काय झालं? महिन्यातून दोनदा आणतो न!"

*

मग आमचा काटा बंद पडला. नवा मंजूर होऊन येईपर्यंत रुग्ण म्हातारे होतील, म्हणून रशीदभाईंनी तो गॅरेजमध्ये नेला आणि संध्याकाळी परत आणून ठेवला.

पुढच्या मंगळवारी चमत्कार! जो चढेल तो पाच-सहा किलोनं हलका. बातमी फुटली. त्यानंतरच्या मंगळवारी रांग थेट फाटकाबाहेर! ज्यांना एका तपासणीनंतर दुसऱ्यांदा बोलवायला आशाताई चपला झिजवायच्या, ते आपणहून आलेले. एक गृहस्थ तर पार महागाव तालुक्यातून आले. म्हणाले, "तुमच्याकडं वजन चांगलं भरते म्हणे!"

डॉक्टर हरखून गेले. "बघा, लोकांमध्ये जागृती येतेय!"

सगळे खूश, एक गुलाबभाऊ सोडून. घरात त्यांची बायको सीताबाई खमकी. भाकरी मोजून वाढायची, सकाळी वावराचा फेरा करायला लावायची. वजन खरंच उतरत होतं. त्यात हा काटा. आकडा पंच्याण्णवच्या जवळ आलेला बघून गुलाबभाऊंना घाम फुटला.

"सिस्टर, हा काटा कमी दाखवून राह्यला. तपासा!"

कापसाचा व्यापारी, आणि काटा कमी दाखवतो म्हणून तक्रार! मी स्वतःला चिमटा काढून बघितला, जागा आहे की झोपेत.

अखेर डॉक्टर स्वतः काट्यावर चढले. आकडा बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी काट्यावर शंका घेतली नाही. गुपचूप स्वतःची टीबीची तपासणी करून घेतली!

तपासणीत काहीच निघालं नाही, तेव्हा कुठं काटा दुरुस्त झाला आणि रांग गायब झाली. रशीदभाईंना अजून वाईट वाटतं. म्हणतात, "डॉक्टरसाब, इलाज तो वही सही था."

*

एकदा सिस्टरनी मलाच गाठलं. "सगळ्या गावाचं वजन पाहता, तुमचं काय? चढा बरं."

मी म्हटलं, "सिस्टर, मी सरकारी मालमत्ता. मला हलवायचं तर वरून मंजुरी लागते."

"हलवाले क्रेनही लागन," सिस्टर म्हणाल्या.

*

दुरुस्त काट्यावर गुलाबभाऊ उतरत उतरत सत्त्याण्णवला आले आणि तिथंच थांबले. दर मंगळवारी सत्त्याण्णव. डॉक्टर हैराण. गुलाबभाऊ मात्र प्रत्येक वेळी मोठ्या दुःखानं म्हणायचे, "काय करता साहेब, नशीब! ऑपरेशन पुढं ढकला."

परवाच्या मंगळवारी ते काट्यावर चढले, आणि मागोमाग सीताबाई आत आल्या. हातात एक धुतलेली बंडी.

"डॉक्टरसाहेब, तुमचा काटा खोटा हाय."

"का हो मावशी?"

"आमच्या मालकायचा पायजमा कमरेवर राहत नाही. गाल बसले. तांड्यातल्या बाया इचारतात, उपाशी ठेवते काय बुढ्याले? आन इथं सत्त्याण्णवच्या सत्त्याण्णव! कायचे सत्त्याण्णव?"

त्यांनी बंडी टेबलावर पसरली. आतल्या दोन्ही खिशांवर गंजाचे गोल डाग. मग पुढं होऊन त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याखालच्या बंडीत हात घातला. डाव्या खिशातून एक लोखंडी वजन काढून टेबलावर ठेवलं. उजव्यातून दुसरं. दोन-दोन किलोची, जुनी.

"ये याडी! अगं माय, दिवाळीपासून शोधून राह्यली मी हे मापं!"

काटा म्हणाला, त्र्याण्णव.

गुलाबभाऊ खाली बघत पुटपुटले, "जिंदगीभर काट्यावर कमी दाखवलं, कोणी धरलं नाही. एकदा जास्त दाखवलं, तं घरातूनच धरलं!"

आम्ही पोट धरून हसलो. सीताबाई नाही हसल्या.

"परवा कळ आली तं दुपारभर खाटेवर लोळले तुमी. मले दिसलं नाही काय? काहून केलं जी असं?"

गुलाबभाऊंनी सदऱ्याचं बटण लावलं. मग इतकंच म्हणाले, "भूल देल्यावर जागच नाही आली तं?"

डॉक्टरांनी यवतमाळला फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि ठेवला. "पुढच्या सोमवारी. मी स्वतः सोबत येतो. उतरा आता, गुलाबभाऊ."

गुलाबभाऊ उतरेनात. काट्यावरचे आकडे एका जागी थांबेनात, त्र्याण्णवच्या खाली, वर, पुन्हा खाली. सीताबाईंनी त्यांचा हात धरला.

"थांबा न साहेब," गुलाबभाऊ म्हणाले. "काटा अजून ठरला नाही."