तिनं तपासलेलं पान

प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की मला बोईसरचा तो कॉम्प्युटर क्लास आठवतो. परीक्षेच्याच आठवड्यात नेट गेलं होतं. वेबपेजमधल्या चुका मी एका साइटवरून शोधून घ्यायचो, त्यामुळे माझे हातच बांधले गेले. दातिवऱ्याहून येणारी एक मुलगी मात्र पेजचा कोड छापून घ्यायची आणि घरी मासेमारीचं जाळं तपासावं तशी ओळीओळीवर बोट फिरवून, उघडलेला प्रत्येक टॅग, म्हणजे कोडमधली कंसातली खूण, बंद झालाय का ते बघायची. सर सगळ्यांना तिच्याकडे पाठवू लागले. तोवर वर्गात पहिला मीच होतो. माझा नुसता जळफळाट झाला. ती डबा खायला गेली तेव्हा मी तिच्या पेजमधला एक टॅग पुसून टाकला. परत येऊन तिनं विस्कटलेलं पेज पाहिलं, ते पुन्हा छापलं, सकाळचा कागद शेजारी ठेवला आणि बोट फिरवू लागली. बोट थांबलं. गेलेला टॅग तिनं परत टाकला. "सर, खेकड्यानं तोडलेलं जाळं कसंपण फाटतं. हे कोणीतरी कापलेलं हाय." सरांनी विचारलं, "कोणी?" ती म्हणाली, "सांधलं ना मी, मंग झालं." माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त झोंबलं. आता पालघरला माझा स्वतःचा क्लास आहे आणि नेट गेलं की मी मुलांना कोड छापून बोट फिरवायला लावतो. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, ही पद्धत कोणाची?" मी म्हणालो, "माझीच."