ताईंचं ॲड-ऑन कार्ड

मी सगळं लिहून ठेवणारी बाई आहे. गॅस कधी लावला, गाडीचा विमा कधी संपतो, कुणाच्या लग्नात काय दिलं – सगळं. ही एक गोष्ट मात्र मी कुठे लिहिली नाही आणि कुणाला बोललेही नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. तुम्हालाच आज का सांगते आहे? कारण असं काही नाही. सांगते, एवढंच.

आधी कार्डाचं सांगते. ते सोपं आहे.

पनवेलच्या आमच्या सोसायटीत कुणी परदेशी निघालं की माझ्याकडे येतं. कुठलं क्रेडिट कार्ड घेऊ? मी ठरलेलं सांगते. वार्षिक फी नंतर बघा, आधी परकीय चलनावर बँक वरून किती टक्के लावते ते बघा. विमानतळावरच्या लाउंजला भुलू नका, तिथे आपण दोनदा चहा पिणार. दोन बँकांची दोन कार्डं घ्या आणि वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. कार्डावर रोख काढू नका. मशीन विचारेल, रुपयांत कापू का – नाही म्हणा, तिथल्याच चलनात कापायला सांगा. आणि निघायच्या आधी ॲपमध्ये जाऊन परदेशातल्या वापराचं बटण चालू करा. आपल्याकडे नवीन कार्डावर ते बंद असतं. लोक नेमकं हेच विसरतात.

मी विसरले नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुम्ही माझ्या बाजूने काही समजूत करून घेणार नाही.

ताई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. माहेर उरणजवळच्या करंजाचं. मोठे दीर गेले, जमीन गेली, जमिनीचे पैसे बँकेत ठेवीत राहिले. आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. एकुलती एक मुलगी रुपाली, लग्न होऊन सिंगापूरला गेली. ताईंना तिचं घर बघायचं होतं, पण एक अडचण होती, आणि ती विमानाची नव्हती.

"जावयाच्या घरचं पाणी प्यायचं नाय, असं माझी आय सांगायची," ताई म्हणाल्या. "मी काय एवढी जुनी नाय. पाणी पिईन. पण बाटली माझ्या पैशाची पायजे."

रुपालीने फोनवर सांगितलं होतं की तिकडे नोटा फारशा चालत नाहीत, बसपासून भाजीपर्यंत कार्डच लागतं. तेव्हा ताईंना कार्ड हवं होतं. चैनीसाठी नाही. जावयाच्या दारात ताठ मानेने उभं राहता यावं म्हणून.

इथेच पहिली गोष्ट घडली. ठेव असली की बँक त्या ठेवीवर कार्ड देते. पगार लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. ताईंना स्वतःच्या नावाचं, स्वतःचं कार्ड आरामात मिळालं असतं. हे मला माहीत होतं. तरी मी काय सांगितलं? "ताई, तुम्हाला पगार नाही, बँक देणार नाही. माझ्या कार्डावर ॲड-ऑन घेऊ. नाव तुमचं येईल, बिल माझ्याकडे येईल, तुम्ही मला पैसे द्या."

"म्हंजे कारड माझं, पण लगाम तुझ्या हातात?"

"तसं काही नसतं हो."

"असू दे गो. तुझ्या हातात हाय म्हंजे नीटच असणार."

खोटं का बोलले? कागदपत्रं कमी लागतात म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण खरं म्हणजे त्या बाईने माझ्याशिवाय बँकेत जावं, हे मला नको होतं. घरातली अडलेली कामं माझ्याकडे येतात. पासपोर्ट, आधार, रेशन, दवाखाना. ती येतात म्हणून मी आहे – असं काहीतरी माझं झालं होतं. एवढंच असतं तर मी आज काही सांगायला बसले नसते.

सिंगापूरला आम्ही दोघीच गेलो. ह्यांना रजा नव्हती. पहिले दोन-तीन दिवस ताई माझा दंड धरून चालायच्या. सरकत्या जिन्यावर "थांब गो, थांब, पाय कुठला आधी?" असं मोठ्याने विचारायच्या. मशीनसमोर कार्ड धरताना श्वास रोखायच्या. मी शिकवत होते. मला छान वाटत होतं.

मग त्या शिकल्या.

एका सकाळी मी उठले तर ताई घरात नाहीत. फोनवर मेसेज – त्यांच्या कार्डाचा प्रत्येक खर्च माझ्या फोनवर यायचा – सुपरमार्केटमध्ये कार्ड वापरलं गेलं होतं. थोड्या वेळाने त्या आल्या. एकट्या, बसने जाऊन, बसने परत. पिशवीत कढीपत्ता, ओला नारळ आणि कापलेला हलवा मासा.

"तू झोपली व्हतीस, म्हटलं कशाला उठवा," म्हणाल्या. "त्यानं विचारलं रुपये का डॉलर. मी बोटानंच दाखवलं, तुमचंच काप बाबा."

रुपाली हसून हसून बेजार झाली. जावई, निखिल, म्हणाला, "आई, तुम्ही तर आमच्याहून पटाईत झालात." मीही हसले. त्या दिवसानंतर ताई मला काही विचारेनाशा झाल्या. रुपालीच्या खालच्या मजल्यावरच्या तमिळ बाईशी त्यांची मैत्री झाली, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तरी. मी रोजचा कार्यक्रम आखलेला असायचा आणि ताई म्हणायच्या, "तू जाऊन ये गो, मी हितंच बरी हाय." मला राग आला का? राग नव्हता. रिकामपण होतं. त्याचं काय करावं ते मला कळत नव्हतं.

परतायच्या आदल्या दिवशी ताईंनी सगळ्यांना जेवायला नेलं. माशांचं हॉटेल होतं, काचेच्या टाक्यांत जिवंत मासे. ताई टाकीला नाक लावून उभ्या.

"हा नको, हा दमलाय. तो बघ कोपऱ्यातला, लबाड. गपचूप बसलाय म्हंजे वाचेल असं वाटतंय त्याला. तो द्या."

"आई, इथे नोकरी बघू का तुमच्यासाठी?" निखिल म्हणाला.

"बघा. पण पगार डॉलरात सांगा. आणि जावयबापू, आज तुमी हात खिशाच्या बाहेर ठेवा. जेवण माझं हाय."

जेवता जेवता रुपालीने सांगितलं – ती आई होणार होती. ताईंचा घास हातातच राहिला. मग त्या बोलायला लागल्या आणि थांबेचनात. अंघोळ कोण घालणार, शेक कोण देणार, पाचवीला काय काय लागेल. मी सहज म्हटलं, "तेव्हा परत दोघी येऊ आपण." ताई म्हणाल्या, "छे गो. आता मी एकटीच येईन. आता मना जमतंय सगळं. तुला कशाला परत तरास?"

वाईट काही बोलल्या नव्हत्या. प्रेमाने बोलल्या होत्या.

मी फोन मांडीवर घेतला. ॲप उघडलं. ॲड-ऑन कार्डाच्या पानावर गेले. परदेशातल्या वापराचं बटण चालू होतं. मी ते बंद केलं.

रागाच्या भरात झालं, असं मी म्हणणार नाही. ॲप उघडायला अंगठा लावावा लागतो, मग सहा आकडे टाकावे लागतात. तेवढ्यात कुणाचाही राग निवतो. मला काय होणार ते नीट माहीत होतं. ते व्हावं असंही वाटत होतं.

वेटर मशीन घेऊन आला. ताईंनी बटव्यातून कार्ड काढलं, ऐटीत मशीनवर ठेवलं. मशीन वाजलं. वेटरने मान हलवली. ताईंनी पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. मग त्याने कार्ड आत घालून बघितलं.

"रुपये विचारतोय काय गो हा? मी तर नको म्हटलं."

वेटर हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलला. शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं – सगळं जमवणारी मीच ना, त्या भरवशाने.

"होतं असं कधीकधी," मी म्हटलं. "बँकेकडून."

माझंही कार्ड होतं पर्समध्ये. मी ते काढायच्या आत निखिलने पैसे दिले. "त्यात काय आई, एकच घर आहे," म्हणाला. चांगला मुलगा आहे. पण त्याच्या चांगुलपणानेच ताईंची मान खाली गेली. त्यांनी कार्ड पुसलं, बटव्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "मीच कायतरी भलतं दाबलं असणार."

ते एक वाक्य मी खोडायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं – नाही ताई, तुम्ही काही भलतं केलं नाही. खरं कारण सांगायचीही गरज नव्हती. मी पाणी प्यायले.

हॉटेलच्या बाथरूममध्ये जाऊन मी बटण परत चालू केलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळावर पाण्याची बाटली घ्यायची होती तर ताई म्हणाल्या, "तूच घे." जिन्यावर पुन्हा माझा दंड धरला. तेव्हा मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

पनवेलला आल्यावर त्यांनी कार्ड रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "ठेव तुझ्याकडं. ह्ये आमचं काम नाय."

रुपालीचे दिवस भरत आले तसे तिचे फोन वाढले. आई, ये. तिकीट आम्ही काढतो. ताई माझ्यासमोर बसून फोनवर तिला म्हणायच्या, "येऊन काय करू? पोरीच्या बाळंतपणाला जायचं आणि तेलाची बाटली जावयानं आणायची? त्या दिवशी जेवणाचं झालं तेवढं बस झालं. मना नाय जमत ती मशीन." फोन ठेवला की पदराने चष्मा पुसायच्या.

मला काय करता आलं असतं? सांगता आलं असतं. किंवा न सांगताही, ठेवीवरचं कार्ड काढून देता आलं असतं, आठवड्याभराचं काम. तेही मी केलं नाही. का? ते कार्ड व्यवस्थित चाललं असतं, तर आधीचं का नाही चाललं हा प्रश्न कुणीतरी विचारला असता. दोघींनी जावं असं ह्यांनी सुचवलं, तर दोघींना घर लहान पडेल असं मीच म्हणाले. मग म्हणाले, "ताई, मी जाते."

ताईंनी माझे दोन्ही हात धरले. डिंकाचे लाडू केले, बाळंतशेप भाजून दिली, स्वतःच्या मऊ झालेल्या सुती साड्या फाडून दुपटी शिवली. माझ्या बॅगेत त्यांनीच भरली.

मुलगी झाली. नर्सने ती पहिल्यांदा माझ्या हातात दिली. पाचवीची पूजा मांडली तेव्हा फोन फडताळावर ठेवला होता, ताई त्यातून सांगत होत्या, पाटा कुठे, सुपारी कुठे. मी सगळं चोख केलं. मधेच त्यांचा आवाज आला, "शैला, तुझा हातच दिसतोय गो नुसता. बाळ दाखव ना." मी फोन वळवला. तेवढ्यात नेटवर्क गेलं.

ती नात आता शाळेत जाते. मला पनवेलची आजी म्हणते आणि ताईंना फोनवाली आजी. ताईंना याचं हसू येतं. लग्नाकार्यात कुणी भेटलं की त्या सांगतात, "माझ्या पोरीचं शैलानं निभावलं. मी काय, अडाणी." मी शेजारी उभी असते. कुणी माझं कौतुक करतं, मी "त्यात काय एवढं" म्हणते. रुपाली मधे एकदा येऊन गेली, जेमतेम आठवडाभर. त्या आठवड्यात ताईंनी त्या मुलीला कडेवरून खाली उतरवलं नाही. ती ओझं व्हायच्या वयाची होती तरी.

मागच्या महिन्यात रुपालीचा फोन आला. दुसरं होणार आहे.

ताई वर आल्या. आमच्या गॅलरीत बसून वाळलेल्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या. घरात दोघीच होतो, ह्यांना यायला वेळ होता. त्या म्हणाल्या, "ह्यावेळी मना वाटत व्हतं जावं. मग म्हटलं नको. तिथं परत माझ्यामुळं कुणाची मान खाली नको. तूच जा गो. तुला जमतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या सोड्यांतला कचरा बाजूला काढत होत्या.

"बरं," मी म्हटलं. "तारखा बघते."

त्याच संध्याकाळी मी तिकीट काढलं. माझं.