दार वाजवायला न शिकलेला राजा

गल्लीतला शिंपी त्यांना ‘राजेसाहेब’ म्हणायचा आणि शर्टांचा ढीग पुढ्यात टाकायचा. “राजेसाहेब, एवढी बटणं लावून टाका बघू!” थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं. हा माणूस खरोखर गादीवर बसलेला. राजवाड्यात शिवणकाम करणाऱ्या मुलीवर जीव जडला. भाऊबंद म्हणाले, ती हवी की गादी? यांनी गादी धाकट्या भावाला देऊन टाकली. लोक म्हणाले, तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. म्हणेनात का! तिनेच त्यांना सुईत दोरा ओवायला शिकवलं, भांडी घासायला शिकवलं, भाजीवाल्याशी घासाघीस करायलाही.

एकच गोष्ट काही केल्या जमेना. दार. लहानपणापासून ते आले की कोणीतरी दार उघडायचं. कडी वाजवायची असते हे हाताला ठाऊकच नव्हतं. शिंप्याच्या दुकानाचं दार दिवसभर सताड उघडं, आणि घरचं दार ती पावलं ओळखून उघडायची. कधी मुद्दाम उशीर करायची. हे बाहेर मुकाट उभे. “जित्याची खोड!” म्हणत ती पोट धरून हसायची. अगं बाई, हसण्यापेक्षा तेव्हाच शिकवायचं होतंस ना!

त्या दुपारी तिला दम्याचा झटका आला. ओठ निळे पडले. “डॉक्टर...” एवढंच कसंबसं म्हणाली. राजेसाहेब अनवाणी पळाले. डॉक्टरांच्या दारापाशी पोचले, आणि उभे राहिले. ताठ. भीतीने डोकं रिकामं झालं की माणूस लहानपणी शिकलेलंच करतो. आता उघडेल, आता उघडेल. आत रेडिओ चालू होता. “आम्ही आलो आहोत,” ते हळूच म्हणाले. राजवाड्यात एवढं पुरायचं. दार बंदच. जीव तीळ तीळ तुटत होता, डोळ्यांपुढून ते निळे ओठ हलत नव्हते, पण मेला हात काही उठेना.

शेवटी कंपाउंडर केर टाकायला बाहेर आला. “अहो, कधीचे उभे आहात? कडी वाजवायला काय झालं होतं?”

डॉक्टर धावतच आले. तिची नाडी बघितली आणि तिचा हात अलगद खाली ठेवला.

“थोडं आधी बोलावलं असतंत तर...” ते म्हणाले.

तिला पोचवून मंडळी परतली. राजेसाहेब आपल्या दारापुढे येऊन उभे राहिले. शेजारणीला वाटलं, झालं, नेहमीचंच. “भाऊ, दार नुसतं लोटलंय. ढकला ना.”

त्यांनी हात उचलला आणि कडी वाजवली. पुन्हा वाजवली. मग जोरजोरात.

“अहो भाऊ, आत कोणी नाहीये हो!”

“माहीत आहे, वहिनी,” ते म्हणाले, आणि वाजवतच राहिले.